पाटी वाचलीस का?

अगं ठमे,

परवा रात्री साडेदहाला तुझ्या आईचा फोन आला. काकू एवढ्या उशिरा कधी फोन करत नाही, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. म्हणाली, "तिने सोडलं गं!" मला वाटलं, कॉलेज सोडलं, हॉस्टेल सोडलं, काय सोडलं आता? दोन मिनिटांनी उलगडा झाला, की तू फॅमिली ग्रुप सोडलास. खरं सांगते, आधी हसू आलं. मग गॅसवरचं दूध उतरवलं आणि तुमचं सगळं रामायण वर सरकवत सरकवत वाचून काढलं.

आबाकाकांनी पहाटे पाच बावन्नला एक लांबलचक राजकीय फॉरवर्ड टाकला होता. तू आठ वाजता त्याला उत्तर दिलंस. उत्तर चांगलं होतं, मुद्द्याला धरून होतं, मला तर अभिमानच वाटला. त्यावर त्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं, म्हणजे त्यांच्या भाषेत विषय संपला. पण मग आत्या मध्ये पडली : "मुलींनी अभ्यासाकडे लक्ष द्यावं, राजकारण मोठ्यांना करू दे." झालं! तुझा तोल गेला. 'तुमच्या पिढीला कशातलं काही कळत नाही' असं लिहून तू तडक बाहेर. चौतीस जणांच्या ग्रुपवर दिवसभर कुणी एक अक्षर बोललं नाही. संध्याकाळी कुणीतरी आंब्याच्या लोणच्याची कृती टाकली तेव्हा लोकांचा श्वास मोकळा झाला.

आता ताई 'माफी माग' म्हणणार, असं तुला वाटत असेल. मतासाठी नाही म्हणणार. त्या एका वाक्यासाठी म्हणेन, पण आधी आत्याचं घेऊ.

आत्याला वाटतं राजकारण म्हणजे पांढऱ्या कपड्यातल्या माणसांची भांडणं. तुला आठवतंय ना, २०२४ मधली ४ जून? लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि सगळं घर टीव्हीपुढे ठाण मांडून बसलं होतं. तुझ्या नीटचा, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल १४ जूनला लागायचा होता, तो त्याच दिवशी लावून टाकला. आत सगळे जागा मोजत होते आणि तू जिन्यात बसून मार्क मोजत होतीस. तुझे मार्क वाईट नव्हते गं. पण ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले होते, आणि एवढ्या मार्कांना काय मिळेल हे कुणालाच सांगता येईना. मग कळलं, की १,५६३ मुलांना वाढीव मार्क दिलेत. ते काढून घेतले, त्यांना पुन्हा परीक्षेला बसायची मुभा दिली. पेपरफुटीची चौकशी लागली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २३ जुलैला कोर्टाने सांगितलं, की सगळी परीक्षा रद्द करण्याएवढा पुरावा नाही. त्या दीड महिन्यात तू रोज सकाळी माझ्याआधी पेपर उचलायचीस. 'अभ्यासाकडे लक्ष दे' म्हणणाऱ्यांना हे कसं समजवायचं, की अभ्यासाकडे लक्ष दिलं होतं म्हणूनच राजकारणाकडे लक्ष गेलं?

आणि आज तू बी.फार्मला आहेस, तिथली तुझी शिकवणीची आणि परीक्षेची फी माफ आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी राज्य सरकारने तो निर्णय २०२४ च्या जुलैत काढला. कधी काढला बघ, विधानसभेच्या निवडणुकीला चार महिने होते. म्हणून तो वाईट ठरत नाही, मला तर तो मनापासून आवडला. पण तुझ्या फीच्या पावतीवर राजकारण छापलेलं आहे, एवढं आत्याला दाखवायला हरकत नव्हती. शांतपणे.

तुमची मेस महाग झाली म्हणून तू कुरकुरत होतीस ना? १९७३ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादला एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये जेवणाचे दर वीस टक्क्यांनी वाढवले. पोरं चिडली. तिथून सुरू झालेलं आंदोलन, नवनिर्माण आंदोलन म्हणतात त्याला, इतकं पेटलं, की पुढच्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. त्यात दंगली झाल्या, माणसं गेली, म्हणून मी काही त्याचे गोडवे गात नाही. मेसच्या ताटातून निघालेली गोष्ट कुठवर जाते, एवढंच म्हणते.

तेव्हा मत असावंच. मोठ्याने असावं. माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते सांगायला मला माझी एक लाज उघडी करावी लागणार आहे. घरात कुणाला माहीत नाही, काकूला तर मुळीच सांगू नकोस.

मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. व्हॉट्सअ‍ॅप नवंनवं आलं होतं, आमच्या हॉस्टेलच्या मजल्याचा ग्रुप होता. एका रात्री मला कुठूनतरी एक फोटो आला : रस्त्यात जळणारी गाडी, मागे धूर, पळणारी माणसं. खाली मराठीत गावाचं नाव आणि 'आत्ताची बातमी, दाबली जातेय, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'. कुणी जाळलं, कुणाचं जाळलं, तेही ठासून लिहिलेलं. माझं रक्त उसळलं. मी तो ग्रुपवर टाकला, वर स्वतःची चार वाक्यं जोडली. फार जळजळीत होती ती. लिहिताना मला आपण फार धाडसी आहोत असं वाटत होतं.

गाव माझ्या रूममेटचं होतं. ती मेसमधून वर आली, फोन बघितला आणि पांढरीफटक पडली. घरी फोन लावला, लागेना. चार वेळा लावला. पाचव्यांदा तिच्या भावाने झोपेतून उचलला, म्हणाला, "काय झालं? इथं काही नाही, आम्ही झोपलोय." मग तिने फोटो मोठा केला. बोटाने कोपऱ्यात नेला. जळणाऱ्या गाडीच्या मागे एक दुकान होतं, दुकानावर पाटी होती, आणि पाटीवरची अक्षरं बंगाली होती.

ती मला ओरडली नाही. फोन माझ्यापुढे धरून एवढंच म्हणाली, "पाटी तरी वाचायची." आणि पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी पाटी पाहिलीच नव्हती गं. मी फक्त गाडी पाहिली होती. मला हवी होती तशी जळत होती ना ती! त्या फोटोने मला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आधीपासून होतं त्याला पुरावा आणून दिला होता, आणि अशा पुराव्याची कुणी उलटतपासणी घेत नाही. सकाळी मी ग्रुपवर 'सॉरी, फोटो चुकीचा होता' लिहिलं. रात्रीचा मेसेज सगळ्यांनी वाचला होता, सकाळचा निम्म्यांनीही नाही.

तुझ्यापुढे मी फार मोठी शहाणी म्हणून बोलत नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं. आणि या चुकीत माझ्याबरोबर फार मोठी माणसं आहेत. टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले ते कशासाठी, माहितेय? शाळेत आपण नुसतं 'कोल्हापूर प्रकरण' म्हणून सोडून देतो. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय अशी कुजबुज तेव्हा होती. 'केसरी' आणि 'मराठा' दोन्ही १८८१ मध्ये नुकतेच सुरू झालेले, आणि ही दोघं पंचविशीतली मास्तर मंडळी ते चालवत होती. त्यांच्या हाती काही पत्रं आली, त्यावरून संस्थानचे कारभारी बर्वे यांचा या छळात हात असल्याचं दिसत होतं. त्यावर विसंबून यांनी लिहिलं. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला, आणि पत्रं निघाली बनावट. दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, १०१ दिवसांनी सुटले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं, तुमच्या लायब्ररीत असेल.

महाराजांबद्दलची कळकळ खरी होती आणि हातातला कागद खोटा होता, दोन्ही एकदमच. लोकांना वाटतं, मनात कळकळ खरी असली की हातातला कागदही खराच असणार. पंचविशीतल्या टिळकांना ही चूक झाली, तर एकोणिसाव्या वर्षी तुला आणि सत्तराव्या वर्षी आबाकाकांना ती होणारच.

आणि हे फक्त भाबड्या माणसांचंच होतं असंही नाही. २०२४ च्याच जूनमधली यूजीसी-नेट आठव, तुझ्या शेजारच्या खोलीतली ती पीएच.डी.वाली ताई बसली होती त्याला. १८ तारखेला नऊ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली, १९ ला सरकारने ती रद्द केली. पेपर आधीच फुटल्याचा एक स्क्रीनशॉट फिरत होता. नंतर सीबीआयच्या तपासात निघालं काय, तर तो स्क्रीनशॉटच बनवलेला होता. सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या सरकारलाही त्या रात्री पाटी वाचता आली नाही!

तर माझं एकच मागणं आहे. काहीही बोलण्याआधी स्वतःला विचार : हे मला कुठून कळलं? 'सगळे म्हणतात', 'रील बघितलं', 'सर वर्गात म्हणाले', काहीही उत्तर चालेल, पण ते प्रामाणिकपणे स्वतःला दे. आणि जमलं तर समोरच्यालाही सांग. 'मी या विधेयकाबद्दल एका ठिकाणी वाचलंय, ते स्वतः वाचलेलं नाही' असं म्हणणारी मुलगी वादात कच्ची दिसते असं तुला वाटतं. मला ती सगळ्यात पक्की वाटते. विधेयक वाचणं काही अवघड नाही, संसदेच्या संकेतस्थळावर पडलेलं असतं. दहा-बारा पानांचंही असतं कधीकधी. तुझ्या फार्माकोलॉजीच्या एका धड्याहून सोपं.

आता दुसरी बाजू, कारण काकूला खरी भीती तिची आहे. तिला वाटतं तू काहीतरी लिहिशील आणि दारात पोलीस येतील. तिची भीती हवेतली नाही. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, तेव्हाच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाईक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यावरून हललेली श्रेया सिंघल, तेव्हा विशी-एकविशीतली, सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलमच रद्द केलं. एका मुलीने लिहिलं, एकीने लाईक केलं, एकीने याचिका टाकली. हा किस्सा माझा आत्याला सांगून झाला आहे, तिने ऐकला की नाही माहीत नाही.

पण कलम गेलं म्हणून सगळं निवळलं, असं समजू नकोस. २०२५ च्या मे महिन्यात, सीमेवर तणाव होता तेव्हा, पुण्यात शिकणाऱ्या एका १९ वर्षांच्या मुलीने इन्स्टाग्रामवर कुणाचीतरी पोस्ट पुढे टाकली. थोड्या वेळात काढून टाकली, माफी मागितली. तरी कॉलेजने नाव काढलं, अटक झाली, येरवड्याला गेली. हायकोर्टाने सरकारला आणि कॉलेजला चांगलं सुनावलं, जामीन दिला, परीक्षेला बसू दिलं. पण तोवर अडीच आठवडे गेले होते आणि काही पेपर बुडाले होते. मला ती पोस्ट पटलेली नव्हती. तिला तुरुंगात टाकणं त्याहून पटलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात, हे कुणी हल्ली मान्यच करत नाही.

यातून तुझ्या कामाचं काय? सरकारवर, मंत्र्यावर, धोरणावर, कुठल्याही पक्षावर तू टीका कर, राज्यघटनेच्या १९व्या कलमाने तो हक्क तुला दिलाय. जातीवर, धर्मावर, अख्ख्या समाजावर घसरू नकोस, गमतीनेही. तिथे कायदा आड येतोच, पण ते जाऊ दे. तिथे तुझी रूममेट भिंतीकडे तोंड करून झोपते. आणि रात्री अकरानंतर काही पोस्ट करू नकोस. हा काही सिद्धांत नाही, माझा अनुभव आहे. सकाळी दात घासल्यावर जे तेवढंच खरं वाटतं, ते टाक. काढून टाकलं की गेलं, हाही भ्रम सोड. स्क्रीनशॉट घेणारा नेहमी तुझ्यापेक्षा चपळ असतो. मुलगी लिहिते म्हटल्यावर मुद्द्याला उत्तर न देता तोंडाबद्दल, कपड्यांबद्दल बोलणारे येतीलच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव आणि मला पाठव. लाजू नकोस. अशा वेळी मुली घरी सांगत नाहीत, कारण घरचे आधी फोन काढून घेतात. मी नाही काढून घेणार.

खरं म्हणजे बोलायची जागा फोन नाहीच. तुमची मेस आहे, कट्टा आहे, लायब्ररीच्या पायऱ्या आहेत. समोरच्याचा चेहरा दिसतो, मध्ये चहा असतो, आवाज चढला तर कुणीतरी 'ए, बास' म्हणतं. आमच्या पिढीचं नुकसान झालं ते इथं. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुकांत हाणामाऱ्या, खूनही झाले, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गातून थेट निवडणुकाच गेल्या. वर्गात जी पहिली, ती प्रतिनिधी. मी दोन वर्षं प्रतिनिधी होते, कशाबद्दल? तर पाठांतर बरं होतं. एकाही मुलीकडे मी मत मागितलं नाही, एकीनेही मला विचारलं नाही, की मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी का नसतं. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण तुझ्या कॉलेजात झालेली मला तरी ऐकिवात नाही. विरुद्ध मताच्या माणसासमोर उभं राहून बोलायचं, हरायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यातली पोळी खायची, हे आम्ही शिकलोच नाही. मग तिशीत एकदम फॅमिली ग्रुपवर शिकायला लागलो.

टिळक-आगरकरांचंच पुढे बघ. तुरुंगात एका खोलीत राहिलेली ही दोघं मतांवरून फाटली. आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि मग दोन्ही पत्रांतून जे काही चाललं ते वाचलंस तर आपला फॅमिली ग्रुप तुला भजनी मंडळ वाटेल. १८९५ मध्ये आगरकर गेले, अवघे अडतीस वर्षांचे. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर लिहिलं. लोक हा किस्सा फार गोड करून सांगतात, मतभेद असावेत पण मनभेद नसावेत वगैरे. मला तो गोड वाटत नाही. मित्र गेल्यावर लिहायची वेळ यावी, आधी बोलायचं राहून जावं, यात गोड काय आहे?

आता आबाकाका. तू त्यांना 'तुमच्या पिढीला काही कळत नाही' म्हणालीस. १९७५ मध्ये ते तुझ्याएवढे होते, सांगलीला बी.एस्सी. करत होते. आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा आबाकाका डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या खाली, पत्रकं घालून सायकलवरून वाटायचे. ती पत्रकं एका मित्राच्या माळ्यावर सायक्लोस्टाईल मशीनवर काढायचे. स्टेन्सिलवर अक्षर न् अक्षर टोचून लिहायचं, चुकलं तर लाल फ्लुइडने खोडायचं, शाई नखांत आठ-आठ दिवस राहायची. आजोबांना नखं दिसू नयेत म्हणून ते हाताने न जेवता चमच्याने जेवायचे आणि आजी विचारायची, "हे काय नवीन फॅड?" पकडले गेले असते तर मिसा कायद्याखाली तुरुंगात. हे मला त्यांनीच सांगितलं, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, गच्चीवर. तुला सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. तेव्हा एका पत्रकासाठी रात्र जायची, म्हणून प्रत्येक शब्द तोलून घालायचे. आता बोट लावलं की चौतीस जणांपर्यंत जातं. तोच माणूस पहाटे पाच बावन्नला न वाचता फॉरवर्ड करतो. मला त्याचा रागही येतो आणि वाईटही वाटतं.

त्यांचं आजचं मत मला पटत नाही, तुझं पटतं. पण त्यांना काही कळत नाही, हे तू कुठून काढलंस? त्याचा पुरावा दाखव. पाटी वाचलीस का?

म्हणून ते एक वाक्य मागे घे. ग्रुपवर नको, फोन करून. वादाचं काही बोलू नकोस. स्टेन्सिल कशी कापायची तेवढं विचार, बघ किती वेळ बोलतात. पुढच्या वेळी फॉरवर्ड आला की 'हे कुठून आलं, आबाकाका?' असं विचारायची सोय होऊन जाईल. मी गेल्या महिन्यात विचारलं होतं. दोन तासांनी त्यांनी तो मेसेज गुपचूप काढून टाकला.

आणि हो, अठरा होऊन तुला वर्ष उलटून गेलं, मतदारयादीत नाव घातलंस का? तुझ्या आबाकाकांना मत एकविसाव्या वर्षी मिळालं होतं. मतदानाचं वय अठरा झालं ते १९८९ मध्ये. फॉर्म सहा ऑनलाईन भरता येतो. हॉस्टेलच्या पत्त्यावर हवं असेल तर कॉलेजकडून बोनाफाईड घे, नाहीतर घरच्या पत्त्यावर घाल, पण एकाच ठिकाणी.

आबाकाकांना फोन रविवारी कर. कितीही लवकर केलास तरी चालेल, पाच बावन्नला ते जागेच असतात.

तुझी,
ताई